चमक पाहावी ती तुटलेल्या कडेवर

कापडाच्या दुकानात बसणाऱ्याला एक दृश्य रोज दिसते. गिऱ्हाईक कापड दोन बोटांत चोळते, मग ताग्याचे टोक हातात घेऊन दारापर्यंत जाते आणि उजेडात धरून पाहते. आत ट्यूबलाइटखाली जे रेशमासारखे भासते ते दारात कधी कधी साधे पॉलिस्टर ठरते. आमच्या वडिलांनी गिऱ्हाइकाला असे करण्यापासून कधी अडवले नाही आणि आम्हीही अडवत नाही. उलट, "दारात नेऊन पाहा, मग बोला," असे स्वतःच सांगतो. एवढी वर्षे दुसऱ्यांना हा सल्ला देणारे आम्ही स्वतः मात्र एकदा चमकेला भुललो. त्या व्यवहारात जे शिकलो ते आज वाचक बंधू-भगिनींपुढे मांडत आहोत. खडे, माळा, दागिने, फरशी, ग्रॅनाइट अशा चमकणाऱ्या मालाच्या धंद्यात आपली बरीच तरुण मुले उतरत आहेत. त्यांच्या हे उपयोगी पडावे.

२०११ च्या रमजानपूर्वी आम्ही कापडासोबत थोडा जोडमाल ठेवायचे ठरवले. टोप्या, अत्तर आणि अकीकच्या तसबीह. एक फिरता व्यापारी नमुना घेऊन आला. लालभडक मणी, आरशासारखी जिला, भावही वाजवी. आम्ही वीस डझन तसबीह घेतल्या, साठ हजार रुपये रोख मोजले. ईदपर्यंत निम्म्याहून अधिक माल खपला. ईदनंतर एक वयस्कर खाला दुकानात आल्या. त्यांनी मुलीच्या लग्नात देण्यासाठी आमच्याकडून दहा तसबीह नेल्या होत्या. त्यातली एक फरशीवर पडून तिचा मणी फुटला होता. सोबत त्यांचा नातू होता, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकणारा. त्याने खिशातून खऱ्या अकीकचा एक फुटका तुकडा काढला आणि दोन्ही आमच्या तळहातावर ठेवले.

"चाचा, घासलेला भाग पाहू नका. घासल्यावर दोन्ही सारखेच चमकतात. तुटलेली कड पाहा."

आम्ही दारात गेलो. मण्याची तुटलेली कड फुटक्या बाटलीसारखी लखलखत होती. अकीकची कड मोडलेल्या मेणबत्तीसारखी, मऊ आणि मंद. पोरगा पुढे काही बोलला नाही. खालांनीही आवाज चढवला नाही, एवढेच विचारले, "भाई, मी लोकांना काय म्हणून दिले?" त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. रात्री आम्ही उरलेल्या मालातले तीन मणी हातोडीने फोडले. तिन्ही काच. व्यापाऱ्याचा फोन लागला नाही, तो पुन्हा कधी लागला नाही. जे जे गिऱ्हाईक परत आले त्याला पैसे परत केले. पैसा पुन्हा मिळवता येतो. पण लोकांनी काच आमच्या शब्दावर अकीक म्हणून नेली होती, ही गोष्ट आजही सलते.

तेव्हापासून आम्ही चमकेचा अभ्यास सुरू केला. थोडा पुस्तकांतून, थोडा त्या नातवाकडून, बाकी बाजारातून.

रंग वेगळा, चमक वेगळी

चमकेला आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. मराठीत चकाकी, तकाकी, लकाकी, झळाळी आणि तेज आहे. 'झिलई' हा शब्द तर आपल्या उर्दूतल्या 'जिला'चाच भाऊ. जौहरी मोत्याचे 'पाणी' बघतो, उर्दूत त्यालाच 'आब' म्हणतात. पाणीदार आणि आबदार, दोन भाषांचा एकच विचार.

पण शास्त्राचा पहिला नियम असा की रंग आणि चमक या दोन वेगळ्या बाबी आहेत. लाल रंग काचेला देता येतो, लाखेला देता येतो, अकीकला देता येतो. रंग हा सहज देता येणारा गुण आहे. चमक म्हणजे उजेड पृष्ठभागावर पडून कसा परत येतो, किती परत येतो आणि किती आत शिरतो याचा हिशेब. खनिज ओळखणारा माणूस म्हणूनच हातातल्या दगडाची चमक आधी पाहतो आणि तिला नाव देतो. नावे सगळी घरातलीच आहेत: धातूसारखी, काचेसारखी, हिऱ्यासारखी, राळेसारखी, मेणासारखी, तेलकट, मोत्यासारखी, रेशमासारखी आणि शेवटी मातकट.

या यादीकडे आम्ही कापडवाल्याच्या नजरेने पाहिले तेव्हा ध्यानात आले की चमकेची मूळे तीनच आहेत. एक चमक पदार्थाच्या जातीतून येते. दुसरी त्याच्या रचनेतून, म्हणजे विणीतून. तिसरी माणसाने वरून चढवलेली असते. फसवणूक होते ती बहुतेक तिसरीला पहिली समजल्यामुळे.

जातीची चमक

चांदी घ्या. धातूमध्ये असंख्य इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. उजेड पडताच ते हलतात आणि उजेड जवळजवळ तसाच परत फेकतात. घासलेली चांदी डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग परत करते. आत फारसे काही शिरत नाही, म्हणून धातूच्या पातळ पत्र्यातूनही सहसा आरपार दिसत नाही. सोने आणि तांबे निळसर उजेडाचा बराच भाग गिळतात, म्हणून त्यांची झळाळी पिवळी आणि लाल. बाकी बहुतेक धातू पांढरट करडे दिसतात.

मूलद्रव्यांमध्ये अपवादही आहेत. आयोडीन धातू नाही, तरी त्याचे काळसर स्फटिक धातूसारखे लकाकतात. सिलिकॉनही पुरता धातू नाही, पण त्याचा तुकडा पोलादासारखा चमकतो. गंधकाचा पिवळा खडा राळेसारखा दिसतो. सगळ्यात मोठा धडा कार्बनचा. हिरा हा कार्बन आणि पेन्सिलीतला ग्रॅफाइट हाही कार्बन. हिऱ्यात कणांची बांधणी चारी बाजूंनी घट्ट, ग्रॅफाइटमध्ये थरावर थर सैल रचलेले आणि थरांत इलेक्ट्रॉन मोकळे. म्हणून एक पारदर्शक आणि तेजस्वी, दुसरा काळा, हाताला लागणारा आणि धातूसारखी मंद चमक असलेला. माल एकच, बांधणी बदलली की चमक बदलली. सूत एकच असून विणीनुसार कधी पॉपलीन होते आणि कधी साटीन, तसेच हे.

काच, गारगोटी, माणिक, हिरा यांच्यासारख्या पारदर्शक पदार्थांचे गणित वेगळे. उजेड त्यांच्यात शिरतो आणि शिरताना वाकतो. किती वाकतो त्याला प्रणमनांक म्हणतात. हा आकडा जितका मोठा तितका वरून परत येणारा उजेड जास्त. साध्या काचेचा आकडा १.५ च्या आसपास, समोरून पडलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के ती परत करते. गारगोटीचा आकडा साधारण १.५४, परतावा साडेचार टक्के. माणकाचा १.७७, परतावा पावणेआठ टक्क्यांच्या घरात. हिऱ्याचा २.४२, परतावा १७ टक्के. म्हणून हिऱ्याच्या चमकेला वेगळे नाव द्यावे लागले.

आता आमची तसबीह कुठे फसली ते पाहा. अकीक ही गारगोटीच्याच जातीची वस्तू. तिचा आकडा आणि काचेचा आकडा एकमेकांना चिकटून आहेत. दोघांना सारखी जिला दिली तर साडेचार आणि चार टक्क्यांतला फरक कोणाच्याही डोळ्याला कळणार नाही. आम्ही नेमकी तीच बाजू पाहिली जी काही सांगू शकत नव्हती.

पण अकीक अतिसूक्ष्म तंतू आणि कण घट्ट बसून बनलेली असते. ती फुटते तेव्हा तुटलेला पृष्ठभाग डोळ्याला गुळगुळीत वाटला तरी सूक्ष्म प्रमाणात खडबडीत असतो. उजेड विखुरतो आणि कड मेणासारखी मंद दिसते. काचेत असे कण नाहीत. ती शिंपल्याच्या आकारात सफाईने फुटते आणि कड लखलखते. मणी फोडायची गरजही नसते. दोरा ओवायच्या छिद्राच्या तोंडाशी बारीक टवके उडालेले असतात. भिंगाने ते पाहावे. टवक्यात काचेची चमक दिसली तर काच, मेणाची दिसली तर अकीक असण्याची शक्यता मोठी. गुजरातमध्ये खंभातला अकीक घासण्याचा धंदा फार जुना आहे. तिथे कच्चा दगड तापवून त्याचा लाल रंग खुलवतात. ते तापवणे धंद्यात मान्य आहे, कारण दगड तोच राहतो. काचेला अकीक म्हणणे ही मात्र सरळ लबाडी.

विणीची चमक

दुसऱ्या प्रकारची चमक कापडवाल्याला शिकवावी लागत नाही. रेशमाच्या तंतूचा छेद गोलसर त्रिकोणी असतो, त्याच्या सपाट बाजू उजेड एकगठ्ठा परत करतात. कापसाचा तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा, म्हणून तो उजेड विखुरतो. जॉन मर्सर या इंग्रज कारागिराने १८५० मध्ये सुताला कॉस्टिक सोडा लावायच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याने तंतू फुगून गोल होतो. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने सूत ताणून धरून तीच क्रिया केली आणि सुताला रेशमाची लकाकी आली. तेच आपले मर्सराइज्ड कापड. पदार्थ कापूसच राहिला, तंतूची ठेवण बदलली.

दगडांतही हेच घडते. जिप्समची एक जात बारीक समांतर तंतूंची असते. तिची लकाकी हुबेहूब साटीनसारखी, इंग्रजांनी तिचे नावच सॅटिन स्पार ठेवले. लसण्या खड्यात आतमध्ये अतिसूक्ष्म समांतर सुया किंवा नळ्या असतात. त्यामुळे वर उजेडाची एक रेघ फिरताना दिसते. रेशमाच्या भरलेल्या रिळावर जी आडवी उजळ रेघ दिसते तीच ही. दोन्हीचे कारण एक: समांतर धागे.

रेशमी चमकेचा एक दगड मात्र जपून हाताळण्याचा आहे, ॲस्बेस्टॉस. त्याचे तंतू सुटतात, कातले जातात, विणले जातात. आगीत न जळणारे कापड म्हणून त्याचा एकेकाळी मोठा बोलबाला होता. त्याची धूळ फुप्फुसात गेली की वर्षांनंतर कर्करोगासारखे आजार होतात हे आता पक्के सिद्ध झाले आहे. डोळ्याला रेशीम वाटले म्हणून हाताला रेशीम समजू नये.

मोत्याची आब ही थरांची करामत. शिंपल्यातला प्राणी चुनखडीच्या पातळ चकत्या एकावर एक रचत जातो. एकेका चकतीची जाडी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या जवळपास. प्रत्येक थरावरून थोडा थोडा उजेड परत येतो आणि ते उजेड एकमेकांत मिसळतात. म्हणून मोत्याचे पाणी वरचे न वाटता आतून आल्यासारखे वाटते. अभ्रक आणि शंखजिरे यांचेही थर सहज सुटतात, म्हणून त्यांच्या सुटलेल्या पृष्ठावर मोतिया छटा असते. हे ओळखून कारखानदारांनी अभ्रकाच्या भुकटीवर टिटॅनियम ऑक्साइडचा पातळ लेप देऊन मोतिया रंग तयार केले. ओढण्यांवरच्या मोतिया छपाईत, मोटारीच्या रंगात आणि सौंदर्यप्रसाधनांत तेच वापरतात.

आपल्या महाराष्ट्राच्या काळ्या दगडात या चमकेचा खजिना आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसाल्ट. त्याचे कण इतके बारीक की तुटला तरी मंदच दिसतो. पण त्यातल्या पोकळ्यांत नंतर स्फटिक वाढले. जळगाव, नाशिक, पुणे या भागांतल्या खाणींतून स्टिल्बाइट निघते, त्याची मोठी बाजू मोत्यासारखी असते. ॲपोफिलाइटचा स्फटिक बाजूंनी काचेसारखा आणि एका टोकाच्या सपाटीवर मोतिया, एकाच खड्यात दोन चमका. पुण्याजवळच्या वाघोलीचे निळे कॅव्हनसाइट तर जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. खडी फोडणाऱ्याला जो अडथळा वाटतो तोच दगड परदेशात हौशी लोक विकत घेतात. मात्र त्यांची पहिली अट एकच असते, चमक ताजी आणि अंगची हवी. स्फटिकाची बाजू हाताळून मळली किंवा टोक ठेचले गेले की भाव पडतो. तेल चोळून आणलेली लकाकी जाणकार लगेच ओळखतात.

खडकाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खनिजाला चमक असते, खडक हा खनिजांचा मेळावा असतो. ग्रॅनाइटचा तुटलेला तुकडा उन्हात फिरवून पाहा. गारगोटीचे कण काचेसारखे, फेल्डस्पारच्या सपाट्या किंचित मोतिया आणि अभ्रकाच्या टिकल्या लुकलुकणाऱ्या दिसतील.

चढवलेली चमक

आमच्या धंद्यात कॅलेंडरिंग नावाचा प्रकार आहे. कापड तापलेल्या जड रुळांमधून दाबून काढतात. ताग्यावर असताना ते झकास लकाकते. पहिल्या धुण्यात लकाकी उतरते आणि गिऱ्हाईक दुकानात उभे राहते. कॅलेंडरिंग हा गुन्हा नाही, पण ते मर्सराइज्ड म्हणून विकणे हा गुन्हा आहे.

दगडाच्या बाजारातही असे 'कॅलेंडरिंग' आहे. फिरोजाची मूळ चमक मेणासारखी असते. भुसभुशीत फिरोजावर मेण किंवा प्लास्टिकचा लेप जिरवून त्याला घट्टपणा आणि लकाकी देतात. पन्न्याच्या भेगा लपाव्यात म्हणून तो तेलात मुरवतात. हे उपचार जुने आहेत आणि सांगून विकले तर धंद्यात चालतात. न सांगता विकले तर तेल सुकल्यावर भेगा उघड्या पडतात आणि दुकानदाराचे नावही. नकली मोत्यात काचेच्या मण्यावर माशांच्या खवल्यांपासून केलेला लेप द्यायची रीत कित्येक पिढ्यांची आहे. असा मणी समोरच्या दातांवर हलके घासला तर गुळगुळीत लागतो, खरा मोती किंचित रवाळ लागतो.

घर बांधणाऱ्यांनी काळ्या ग्रॅनाइटकडे विशेष लक्ष द्यावे. करडा दगड रंग आणि तेल लावून काळा, तकतकीत करून विकण्याचे प्रकार होतात. ओट्यावर लिंबू सांडले, साबणाने घासले की डाग उमटतात. पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन दगड चोळावा. फडके काळे झाले तर रंग दगडाचा नाही. आणि दुकानात घासलेल्या पाटीसोबत तिची न घासलेली, तुटलेली बाजूही पाहायला मागावी.

उतरणारी चमक

चमक चढते तशी उतरतेही. सोडियमचा तुकडा कापला तर क्षणभर चांदीसारखा दिसतो आणि पाहता पाहता मळतो. शिसे कापल्यावर चकाकते, काही दिवसांत करडे होते. चांदी हवेतल्या गंधकाच्या वायूने काळवंडते, म्हणून असली जर जपून ठेवावी लागते. ॲल्युमिनियमवर मात्र ऑक्साइडचा पातळ, पारदर्शक आणि पक्का थर बसतो, त्यामुळे त्याची चमक टिकून राहते. सोने गंजत नाही, म्हणून त्याची झळाळी शतकानुशतके तशीच.

यावरून तज्ज्ञांचा नियम निघाला: चमक नेहमी ताज्या तुटीवर पाहावी. जुना पृष्ठभाग हवा, पाणी आणि माणसाचे हात यांची कहाणी सांगतो, पदार्थाची नव्हे. आणि चमकेची साक्ष एकटी घेऊ नये, तिच्यासोबत कस पाहावा. सोनमाखी, म्हणजे पायराइट, लोखंड आणि गंधक यांचे पिवळे, धातूसारखे चमकणारे खनिज. खडबडीत पांढऱ्या चिनी मातीवर घासले तर त्याची रेघ हिरवट काळी उमटते. सोन्याची रेघ सोनेरीच येते. शिवाय सोन्याचे विशिष्ट गुरुत्व शुद्ध असता १९.३, सोनमाखीचे ५ च्या आसपास. सोने ठोकले तर पसरते, सोनमाखी भुगा होते. हेमॅटाइट हे लोहखनिज कधी आरशासारखे चकाकते, कधी गेरूसारखे मातकट असते. पण घासल्यावर रेघ दोघांची तांबडीच. अकराव्या शतकात अल-बिरुनी यांनी रत्नांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि रत्ने व धातू पाण्यात तोलून त्यांचे विशिष्ट गुरुत्व काढले. एवढा मोठा विद्वान डोळ्यावर भागवून न घेता तराजू उचलतो, यात व्यापाऱ्याला पुरेसा इशारा आहे.

इशारा न ऐकणाऱ्यांचे काय होते त्याचा इतिहासातला एक व्यवहार सांगतो. १५७६ मध्ये मार्टिन फ्रॉबिशर हा इंग्रज दर्यावर्दी उत्तरेकडून चीनचा मार्ग शोधायला निघाला आणि आजच्या कॅनडातील बॅफिन बेटाच्या परिसरातून एक काळा दगड घेऊन परतला. पुढच्या मोहिमांवरचा एक कप्तान जॉर्ज बेस्ट याने लिहून ठेवले आहे की दगडाचा तुकडा आगीत पडला, व्हिनेगरमध्ये विझवला आणि सोन्यासारखा चकाकला. मोहिमेचा भांडवलदार मायकेल लॉक याने तो लंडनच्या पारख्यांना दाखवला. त्यांना सोने सापडले नाही. लॉक थांबला नाही. शेवटी व्हेनिसहून आलेल्या ॲग्नेलो नावाच्या एका पारख्याने सोने आहे असे सांगितले, आणि सगळ्यांनी तेवढेच ऐकले. राणी एलिझाबेथसह अनेकांनी पैसे गुंतवले. १५७८ मध्ये पंधरा जहाजे गेली आणि हजार टनांहून अधिक दगड आला. डार्टफर्ड येथे खास भट्ट्या बांधल्या. सोने काही निघाले नाही. लॉक कर्जापायी तुरुंगात गेला आणि दगड रस्त्यात व भिंतीत वापरले गेले. पारख्यांनी आधी नाही म्हटले होते, हे विसरू नये. मनासारखे उत्तर मिळेपर्यंत पारखी बदलत राहणे ही पारख नव्हे.

जिथे चमक गप्प बसते

काही ठिकाणी चमक साक्षच देत नाही. प्रयोगशाळेत बनवलेला हिरा आणि खाणीतला हिरा दोन्ही कार्बन, प्रणमनांक एकच, चमक एकच. फरक यंत्राने तपासून प्रमाणपत्रातूनच कळतो. सोन्याच्या दागिन्यावर वरून मुलामा असेल तर तेज पुरेपूर दिसते आणि आत काय ते कळत नाही. दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सक्तीखालच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक आवश्यक झाला. तो पाहूनच खरेदी करावी.

तिसरी गोष्ट सुरम्याची, आणि ती पैशापुरती नाही. पुस्तकात सुरमा म्हणजे अँटिमनीचे खनिज स्टिब्नाइट. बाजारात सुरमा म्हणून मिळणारा दगड पुष्कळदा गॅलेना असतो, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. दोघांचा रंग शिशासारखा करडा, दोघांची चमक धातूची. कुटल्यावर तर दोन्ही काळी भुकटी. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, थोडेसेही सुरक्षित मानले जात नाही. जो दुकानदार सुरमा ठेवतो त्याने तो शिसेमुक्त असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला मागावा. दाखला नसेल तर माल ठेवू नये आणि घरात मुलांच्या डोळ्यांत घालू नये. चकाकणाऱ्या दगडाने इथे डोळे दिपवू नयेत.

सारांश असा. माल दारात, उन्हात पाहावा. घासलेल्या बाजूपेक्षा तुटलेली बाजू, छिद्राची कड, टवका पाहावा. कस घ्यावा, वजन तोलावे. उपचार केलेला माल असेल तर बिलावर तसे लिहून घ्यावे आणि विकताना लिहून द्यावे. जिथे डोळा पुरत नाही तिथे प्रमाणपत्राचा खर्च करावा, तो साठ हजारांपेक्षा नक्कीच कमी असतो.

तो फुटका मणी आणि अकीकचा तुकडा खालांच्या नातवाने आम्हाला देऊन टाकला. दोन्ही आमच्या गल्ल्याच्या पेटीत ठेवले आहेत. कोणी व्यापारी चकचकीत नमुना घेऊन आला की आम्ही ते बाहेर काढतो आणि त्याला म्हणतो, "जनाब, नमुना छान आहे. आता यातला एक आमच्यासमोर फोडून दाखवा." ज्याचा माल खरा असतो तो हसत हसत फोडतो.